मास्तरांच्या गाडीचा आवाज

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. स्वतः शाळेत गेले तेही जेमतेम, आणि ते सोडून गेल्याचं शाळेला फारसं दुःख झालं नसावं. पण निम्म्या वस्तीला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं होतं, म्हणून ते मास्तर. डाव्या सीटवर बसायचं, पायाशी बसवून घेतलेल्या दुसऱ्या ब्रेकवर चप्पल टेकवायची, आणि शिकणारा घाबरला की त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचं, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. 'आरशात बघ! आरसा भांग पाडायला नाही दिलेला!' हे वाक्य वस्तीतल्या एकूण एक ड्रायव्हरने ऐकून घेतलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे जन्मभर वळणावर हॉर्न वाजवायचा, आणि डाव्या सीटवर कुणी नाही ना, हे एकदा बघून घ्यायचा.

गाडी एकच होती, फिकट निळी, चौकोनी तोंडाची. जिने ती बनवली ती कंपनी कधीच बंद पडली होती, पण गाडीला ते कुणी कळवलं नव्हतं. मास्तरांनी तिला कधी सखी म्हटलं नाही की लाडाचं नाव दिलं नाही. रोज सकाळी पाणी, तेल आणि हवा बघायची आणि निघायचं, एवढंच. तिचं एकच दुखणं त्यांना आयुष्यभर पुरलं. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तरी ते लगेच बंद व्हायचं नाही. क्षणभर गप्प बसायचं, मग सगळं अंग हलवून दोन-तीनदा खोकायचं आणि मगच थांबायचं. शिकायला आलेली पोरं हसायची. मास्तर रागाने बॉनेटकडे बघायचे. कार्बोरेटर साफ केला, हेड उघडून काजळी खरवडली, मोठ्या गॅरेजातल्या शहाण्यांना दाखवलं, सगळ्यांनी हात टेकले. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी खोकला परत.

बाई, म्हणजे मास्तरांची बायको, त्यावर फार हसायच्या. "गाडी मालकावर गेलीय," त्या म्हणायच्या. "संपलं म्हटलं तरी शेवटचा शब्द आपलाच पाहिजे."

बाईसुद्धा त्याच गाडीने या घरात आणलेल्या. त्या शिकायला आल्या तेव्हा मास्तर नवे होते आणि पाय ब्रेकवरून हलवत नसत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईंनी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली आणि विचारलं, "माझ्याआधी तुम्हीच ब्रेक दाबता. मग मी शिकायचं कधी?" मास्तरांना ते फार लागलं. त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. पुढच्याच वळणावर गाडी एका फाटकावर जाऊन आदळली. डाव्या मडगार्डला पोचा पडला, फाटकाच्या मालकाने तोंडसुख घेतलं, आणि मास्तर मात्र मांडी घालून तसेच बसून होते. बाई पुढे सांगायच्या, माणूस पसंत पडला तो तिथे. तो पोचा मास्तरांनी कधी काढून घेतला नाही. लग्नानंतरही बाई चालवायला बसल्या की मास्तर डाव्या सीटवर मांडी घालत, गुडघे दुखायला लागले तरी.

विसरण्याचं दुखणं घरात आलं ते चोरपावलांनी. आधी गॅस चालू राहायला लागला, मग नळ. मग बाईंना लेकीचं नाव आठवेना, ती आपली "आमची ती" झाली. लेक लांबच्या शहरात राहायची, ती येऊन डॉक्टरांकडे घेऊन गेली, गोळ्या आल्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'संडास इकडे' अशी चिठ्ठी आली. आणि एका सकाळी बाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि मास्तरांना विचारलं, "भाऊ, तुम्ही कोण?"

मास्तरांना आधी वाटलं थट्टा आहे. ते पलंगाच्या कडेवर बसायला गेले तर बाई भिंतीकडे सरकल्या. एवढी वर्षं जिच्याशी भांडलो, जिच्याशिवाय भाजीत मीठ किती हेही कळलं नाही, ती आपल्याला घाबरते, हे कुणाला सोसेल? मास्तर उठले, सदरा चढवला, मागच्या दाराने बाहेर पडले आणि गाडीत जाऊन बसले. दुसरं जायला होतं कुठे? गाडी सुरू करून ते पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, थोडा वेळ उगीच थांबले, आणि परत आले. दारात गाडी लावून किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुढचं दार उघडलं.

"आलात?" बाई दारात उभ्या होत्या. "अहो, न सांगता कुठे गेला होता? घरात कुणी माणूस शिरला होता."

त्या दिवसापासून मास्तरांचा एक नेम होऊन बसला. दिवसभर ते घरात 'भाऊ' म्हणून वावरायचे. भाऊ चहा करायचे, भाऊ गोळ्या द्यायचे, भाऊ केसांचा गुंता सोडवायचे, आणि बाई परक्या माणसाचे उपकार घेतल्यासारख्या अवघडून बसायच्या. संध्याकाळ झाली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "भाऊ, तुम्ही निघा आता. आमचे हे येतील, त्यांना आवडायचं नाही." मग भाऊ निघायचे. पलीकडच्या ताई येऊन बाईंजवळ बसायच्या. मास्तर टाकीला वळसा घालून यायचे, गाडी दारात लावायचे, आणि दार उघडायचं ते नवऱ्यासाठी. तिथून झोपेपर्यंत बाई त्यांच्या असायच्या. शेजारी बसून जेवायच्या. दिवसभराच्या त्या माणसाच्या कागाळ्या करायच्या: "माणूस वाईट नाही हो, पण बडबड फार करतो. आणि चहात साखर किती ओततो!" मास्तर म्हणायचे, "उद्या बघतो त्याच्याकडे." दुसऱ्या दिवशी साखर कमी पडायची.

दिवसाचा परका आणि संध्याकाळचा नवरा. हसू यावं असंच होतं ते, आणि मास्तर हसायचेही. एवढ्यावर त्यांचं आयुष्य उभं होतं. शिकवणं त्यांनी बंद केलं होतं. गाडी ठेवली होती ती फक्त संध्याकाळच्या त्या एका फेरीसाठी.

आणि नेमकी ती गाडी त्यांनी स्वतःच्या हाताने मारली.

औषधं आणायला ते दुपारी लांबच्या दुकानात गेले होते. ताईंचा फोन आला, "मास्तर, बाई दार उघडून रस्त्यावर गेल्यात. मी शोधतेय, तुम्ही या." मास्तर तसेच गाडीकडे धावले. त्या सकाळी बाईंनी आंघोळीला फार त्रास दिला होता, त्या गडबडीत गाडीत पाणी बघायचं राहून गेलं होतं. निम्म्या वाटेवर तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. हा माणूस जन्मभर पोरांना ओरडून सांगत आला होता, 'काटा लाल झाला की गाडी बाजूला घ्यायची, मग घरी आग का लागलेली असेना.' त्यांनी काटा बघितला. आणि पाय आणखी दाबला. टाकीजवळच्या वळणावर आतून घण घातल्यासारखा आवाज झाला आणि रस्त्यावर तेलाचा काळा पाट वाहिला. गाडी तशीच सोडून मास्तर पळत घरी आले. बाई ताईंच्या ओट्यावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"धावत कशाला आलात भाऊ?" त्या म्हणाल्या. "बसा, पाणी प्या."

गाडी ढकलत घरी आणली ती काजव्याने. काजवा म्हणजे कोपऱ्यावरचा वेल्डर. ठिणग्यांत असतो म्हणून काजवा. मास्तरांचा जुना विद्यार्थी, लायसन्सच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झालेला की साहेब लोक त्याला नावाने ओळखायचे. त्याने बॉनेट उघडलं आणि आत बॅटरी मारली. आतला दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. त्या भोकात मूठ जात होती.

"वेल्डिंगने?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, हे बीडाचं, ओतीव लोखंड आहे. शिवलं तरी टिकायचं नाही. हे गेलं."

त्या संध्याकाळी मास्तर मागच्या दाराने निघाले आणि चालत वळसा घालून पुढच्या दाराने आले. बाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. "परत तुम्हीच?" ताट वाढलेलं होतं. बाईंनी त्यावर झाकण ठेवलं. "हे आल्यावर जेवते." त्या खिडकीशी बसल्या, आणि अंधार पडून गेला तरी उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मास्तर शेजारच्या गल्लीतली कुणाची तरी गाडी मागून आणून त्यातून आले. तिसऱ्या दिवशी नवा सदरा घालून आले. काही उपयोग झाला नाही. ताट झाकलेलं राहायला लागलं. बाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. मास्तरांनी आपली वळकटी बाहेरच्या खोलीत टाकली, कारण आत परका माणूस झोपलेला बाईंना कसा चालेल?

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, दुसरी गाडी घ्या ना."

"दुसऱ्या गाडीतून दुसराच माणूस येतो," मास्तर म्हणाले. लेकीने आपला, नवऱ्याचा, सगळ्यांचे फोन उलथेपालथे केले. गाडीपुढे उभं राहून काढलेले फोटो होते, बॉनेटवर नाचणारी नात होती, पण कुणीही गाडी येतानाचा आवाज कधी घेऊन ठेवला नव्हता. कोण कशाला घेईल? तो रोजच येत होता.

तसलं दुसरं इंजिन काजव्याने भंगारवाल्यांकडे पुष्कळ धुंडाळलं. मिळालं ते एका माल वाहणाऱ्या छोट्या व्हॅनचं. बांधा साधारण सारखा, पण बरंच नवं आणि कमी चाललेलं. "चालेल एक नंबर," काजवा म्हणाला. "तुमच्या जुन्यापेक्षा गुळगुळीत."

"गुळगुळीत नकोय," मास्तर म्हणाले.

काम घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्येच करायचं ठरलं, कारण बाईंवर नजर ठेवायला हवी होती. तीन जाड पाइप डोक्याशी बांधून उभे केले, त्यांना चेन पुली टांगली, आणि जुनं इंजिन उचललं. ते वर आलं तेव्हा त्यातून थेंब थेंब तेल गळत होतं. मास्तरांनी खाली परात धरली. परातीची काही गरज नव्हती, जमीन आधीच काळी झाली होती. दुसऱ्या दिवशी भंगारवाला हातगाडीवर घालून ते घेऊन गेला. मास्तर पाठ करून नट-बोल्ट रॉकेलमध्ये धूत बसले, त्यांनी वळून पाहिलं नाही.

नवं इंजिन म्हणजे परक्या घरची सून. कशातच नीट बसेना. ज्या दोन कानांवर इंजिन टेकतं ते कापून काजव्याने पुढे सरकवून नव्याने जोडले. गिअरबॉक्सची भोकं आणि इंजिनाची भोकं जुळेनात, म्हणून मधे बसवायला जाड लोखंडी पाटी कातून आणली. पहिली पाटी केसभर चुकली आणि सगळं आवळल्यावर आतला दांडा फिरेचना. पुन्हा सगळं उतरवलं, पुन्हा पाटी केली. तेलाचं भांडं खालच्या आडव्या पट्टीला घासत होतं, तिथे पट्टीला खाच घातली. क्लचची तार आखूड पडली. मास्तर गाडीखाली पाठीवर पडून असायचे, गंज डोळ्यांत जायचा, गुडघे उठताना करकर वाजायचे. हे वय गाडीखाली झोपायचं नव्हे, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. काजवा घाईला आला की मास्तर म्हणायचे, "बाबा रे, ती जेवत नाही," आणि काजवा पुन्हा चष्मा लावायचा.

एका दुपारी बाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन शेडमध्ये आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली.

"कुणाची गाडी भाऊ?"

"माझीच आहे."

"आमच्या ह्यांची पण अश्शीच आहे." त्यांनी वाकून मडगार्डच्या पोच्यावर हात फिरवला आणि बारीक हसल्या. "असाच पोचा आमच्या गाडीला पण आहे. तो मी पाडलाय." मास्तरांनी मान खाली घातली आणि पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा काजव्याने टाळी वाजवली. खरोखरच गुणी इंजिन होतं. मास्तर सीटवर बसून डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग सुरू झालं ते खरं काम. जुना सायलेन्सर परत चढवला. तो कमी पडला म्हणून त्याला भोकं पाडली. व्हॉल्व्हचं अंतर मुद्दाम सैल ठेवलं, म्हणजे टकटक यावी. पंख्यापुढचा पत्रा जुना वाजायचा, त्याचा एक स्क्रू काढून टाकला. काजवा कपाळाला हात लावून बसला. "मास्तर, लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात. तुम्ही आणायला आलात." मास्तर आत बसून पायाने ॲक्सिलरेटर हळूच दाबत, कान लावत, उतरत, स्क्रू अर्धा पिळत, पुन्हा बसत. आणि एका दुपारी त्यांनी डोळे उघडले. "हीच," ते म्हणाले. "अगदी हीच." त्यांच्या हातांना स्टिअरिंगची तीच थरथर लागत होती, पायाखाली तीच गुरगुर होती. डोळ्यांना धार लागली होती आणि ती त्यांनी तेलकट हाताने पुसली, त्यामुळे तोंड काळं झालं. काजव्याने टाकीपर्यंत फेरी मारून पाहिली आणि तोही म्हणाला, "शप्पथ, तीच आहे."

मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन एका दमात गप्प झालं. कार्बोरेटरला एक छोटी झडप होती, किल्ली फिरली की ती पेट्रोल तिथल्या तिथे तोडायची. "चला," मास्तर खूश होऊन म्हणाले, "निदान ते एक दुखणं तरी गेलं."

त्या संध्याकाळी त्यांनी दाढी केली. बाई म्हणाल्या, "भाऊ, निघा आता." भाऊ निघाले. ताई येऊन बसल्या. मास्तरांनी टाकीला वळसा घातला, वळणावर सवयीने हॉर्न दिला, उताराला गिअर उतरवला, सगळं जसंच्या तसं. दारात गाडी लावली, किल्ली फिरवली, दोन पायऱ्या चढले आणि थांबले. दार आतून उघडायला हवं होतं. त्यांनी सदरा नीट केला, नव्या नवऱ्यासारखा. दार उघडलं नाही. मग त्यांनी स्वतःच ढकललं.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. ताट झाकलेलं होतं. "कोण? भाऊ होय," त्या म्हणाल्या. "विसरलं का काही?"

ताई तोंडाला पदर लावून मागच्या दाराने निघून गेल्या. मास्तर मटकन खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "आता गाडी आली ना दारात? ऐकली नाही का?"

"ऐकली की."

"मग ती तुमच्या ह्यांची नव्हती?"

बाई हसल्या. पोर काहीतरी खुळचट बोललं की हसावं तशा. "भाऊ, रस्त्यावरून दिवसभर गाड्या जातात. टकटक करतात, घरघर करतात. कशाकशाला उठू मी? आमच्या ह्यांची गाडी दारात येऊन बंद होते ना, तरी बंद होत नाही. खोकते. दोन-तीनदा. ती खोकली की समजायचं हे आले. मग मी गॅसवर चहा टाकते आणि दार उघडते. लग्न झाल्यापासून."

मास्तरांनी तो आवाज जन्मभर आतून ऐकला होता. स्वयंपाकघरात उभं राहून आपण घरी येताना ऐकायला येतो कसे, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं, कारण ऐकायला ते तिथे कधी नव्हतेच. ते येतच होते. ज्या खोकल्याची त्यांना पोरांपुढे लाज वाटली, ज्याच्यासाठी त्यांनी गॅरेजांचे उंबरे झिजवले, तेवढाच त्यांचा घरातला आवाज होता. आणि आता तो नाही म्हणून ते दुपारी खूश झाले होते.

पुढचे दिवस त्यांनी इंजिन बिघडवण्यात घालवले. ती झडप काढून टाकली. इंजिन चुकीच्या वेळेला पेटेल असं करून पाहिलं, तापू दिलं, हलकं पेट्रोल शोधून आणलं. इंजिन निरोगी होतं, ते काही खोकेना. काजवा शेवटी रडकुंडीला आला. "मास्तर, नीट चालणाऱ्याला आजारी कसं पाडायचं, ते मला कुणी शिकवलं नाही हो." एकदाच, एका संध्याकाळी, किल्ली फिरवल्यावर इंजिनाने एक आचका दिला. मास्तर धावत आत गेले. बाईंनी मान वर केली होती. "बाहेर कुणाला तरी बरं नाही वाटतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

त्यानंतर मास्तरांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली. सायलेन्सरची भोकं मात्र बुजवली नाहीत.

जेवणाचं कोडं ताईंनी थोडंफार सोडवलं. "तुमचे हे सांगून गेलेत, तुम्ही जेवून घ्या," असं म्हटलं की बाई अर्धी भाकरी खायच्या. भाऊ समोर बसून जेवायचे. बाई त्यांना नवऱ्याच्या गोष्टी सांगायच्या: किती चिडका, किती ओरडतो, पण एकदा सांगितलं तर भर रस्त्यात मांडी घालून बसला. मास्तर विचारायचे, "मग?" आणि बाई पुढचं सांगायच्या. आपल्याबद्दल इतकं चांगलं त्यांनी आपल्या तोंडावर कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी कधी सांगितलंच नव्हतं. ते ऐकायचे, आणि त्या माणसाचा त्यांना हेवा वाटायचा.

एका संध्याकाळी बाई फारच कासावीस झाल्या. दाराशी जात, परत येत. "आजारी तर नसतील? वाटेत काही झालं तर नसेल? भाऊ, तुमच्याकडे गाडी आहे ना? मला घेऊन चला. बघून येऊ."

मास्तरांनी त्यांना डाव्या सीटवर बसवलं. जपून दार लावलं. बाईंचा पाय आपोआप पुढे गेला आणि दुसऱ्या ब्रेकवर जाऊन बसला. गाडी हळूहळू निघाली. टाकीजवळचं वळण आलं, जिथे समोरचं काही दिसत नाही आणि दोन गाड्या कशाबशा मावतात. मास्तर हॉर्न द्यायला जाणार एवढ्यात बाईंनी ब्रेक दाबला. नीट, न घाबरता, शिकवल्यासारखा. गाडी थांबली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"भाऊ, जरा दमाने," बाई म्हणाल्या. "समोरून हे येत असतील."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली. इंजिन एका दमात गप्प झालं. बाईंनी काच खाली केली आणि कान रस्त्याकडे लावला.

"थांबायचं ना थोडा वेळ?" त्यांनी विचारलं.

"थांबू की," मास्तर म्हणाले, आणि तेही वळणाकडे बघत बसले.